राजवाड्याजवळचं नाण्यांचं दुकान आणि तिथला रोमन ट्रे

आधीच सांगतो, दुकानाचं नाव टाकणार नाहीये, दुकानवाल्या काकांनीच नको म्हटलंय. "नाव टाकलंस की उद्यापासून ट्रॅक्टरवाली पाचाची नोट घेऊन लाइन लागेल इथे," म्हणाले, आणि ते काही खोटं नाही, मी बसलेलो असतानाच एक भिया वैष्णोदेवीचं नाणं घेऊन आला, यूट्यूबवर कोणीतरी दहा लाख सांगितलेत म्हणे. काकांनी त्याला पाणी दिलं, नाणं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, बेटा, चहावाल्याला दे, तो घेईल. तर इंदूरवाल्यांना एवढंच पुरे की राजवाड्याहून सराफ्याकडे निघालात की एका बोळात, वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर खालून फोन करा, काका मुलाला ट्रे घेऊन खाली पाठवतात.

हा रिव्ह्यू फक्त रोमन ब्रॉन्झच्या, म्हणजे तांब्या-पितळेच्या नाण्यांच्या ट्रेचा आहे. होळकरी रुपये, ब्रिटिश माल, नोटा, स्टॅम्प यातलं मला फार विचारू नका, तिथे घासाघीस करणारे माझ्याहून तयार लोक आहेत. पण रोमन नाणी हात लावून, भिंगाखाली धरून, खिडकीच्या उजेडात बघायला मिळणं ही गोष्ट आपल्या शहरात सोपी नाही, नाहीतर सगळं ऑनलाइन फोटोवर घ्यावं लागतं, आणि फोटोत काय काय लपतं ते सांगायला नको.

दुकानाबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली की तुमचा फायदाच फायदा आहे. काका भाव लावतात तो चेहरा बघून. म्हणजे नाण्यावर कुठला सम्राट आहे, तो फेमस आहे का, नाक-डोळे दिसतात का, एवढ्यावर. मागच्या बाजूला काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. आणि रोमन ब्रॉन्झमध्ये अर्धी मजा नाही, पाऊण मजा मागच्या बाजूलाच आहे! सोन्याची नाणी श्रीमंतांकडे आणि मोठ्या व्यवहारात, पण तांब्या-पितळेचं नाणं भाजीवाल्यापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या हातात जायचं, त्यामुळे सरकारला जे काही लोकांना दाखवायचं असेल ते याच्या पाठीवर यायचं. लढाई जिंकली, बंदर बांधलं, धान्य आलं, मुलगा गादीवर बसणार आहे, सगळं.

उदाहरण देतो. ट्रेमध्ये नीरोचा एक 'अस' होता, म्हणजे तांब्याचं नाणं, साधारण दहा-अकरा ग्रॅमचं. चेहरा ठीकठाक, ती नीरोची जाड मान ओळखू येते, पण मागची बाजू अगदी सपाट, बोट फिरवलं तर गुळगुळीत. भाव नऊ हजार, कारण नीरो. त्याच्याच शेजारी डोमिशियनचा अस, चेहरा घासलेला, गालावर एक खरचटा, पण मागे मोनेटा देवी उभी, एका हातात तराजू, दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग, दोन्ही बाजूंना मोठी एस आणि सी अक्षरं, म्हणजे सिनेटच्या ठरावाने. तराजूची दोन्ही पारडी मोजता येतात एवढं स्वच्छ. याचा भाव नीरोच्या निम्म्याहून कमी. का? कारण डोमिशियन कोणाला माहिती नाही. अहो पण याच माणसाचा इसवी सन 96 मध्ये खून झाल्यावर सिनेटने त्याचे पुतळे पाडा, शिलालेखांतून नाव खोडा असं फर्मान काढलं होतं, आणि खिशाखिशातली नाणी कोण गोळा करणार, ती राहिलीच की. मी अर्थातच तोच उचलला.

आता थोडं बेसिक, कारण काका हे समजावून सांगत नाहीत, त्यांना विचारलं की "रोमन आहे, जुनं आहे" एवढंच. ऑगस्टसने इसवी सनापूर्वी 23 च्या सुमारास नाण्यांची घडी बसवली, त्यात सेस्टर्शियस आणि डुपोंडियस ही दोन पितळेची, आणि अस तांब्याचा. एका चांदीच्या डिनारियसचे चार सेस्टर्शियस किंवा सोळा अस. आता डुपोंडियस आणि अस दिसायला जवळपास सारख्या आकाराचे, एक पितळी, एक तांब्याचा, नवीन असताना रंगाने कळायचं पण वापरून काळे पडले की काय करणार? तर नीरोच्या काळापासून त्यांनी जुगाड केला, डुपोंडियसवर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा टोकदार मुकुट घालायला सुरुवात केली. अस वर नुसतं डोकं किंवा पानांची माळ. म्हणजे अडाणी माणूससुद्धा राजाची टोपी बघून सुट्टे मोजू शकतो. हे कळल्यावर ट्रे बघायची पद्धतच बदलते, काकांच्या ट्रेमध्ये एक ट्रेजनचा डुपोंडियस 'अस' म्हणून लेबल लावून पडलाय, किरणं स्पष्ट दिसतायत, कोणी घेतला नसेल तर बघा.

लेबलांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. लेबलं भरवशाची नाहीत, विशेषतः चौथ्या शतकाची. तिथे प्रत्येक छोट्या नाण्यावर "कॉन्स्टंटाइन" लिहिलेलं आहे. कॉन्स्टंटाइनचा एक मुलगा कॉन्स्टंटाइन, एक कॉन्स्टंटियस, एक कॉन्स्टन्स, बापाने नावं ठेवताना पुढच्या संग्राहकांचा जरा विचार करायला हवा होता. त्यात डायोक्लेशियन सम्राटाच्या वेळेपासून चेहरे असे एकसाचे की चौघे सम्राट एकत्र राज्य करतायत आणि चौघांची तीच चौकोनी दाढी, तीच जाड मान. ते मुद्दाम होतं, माणूस कोण ते महत्त्वाचं नाही, खुर्ची महत्त्वाची, चौघे एक आहेत हे दिसलं पाहिजे. त्यामुळे चेहऱ्यावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, कडेची अक्षरं वाचा. लॅटिन यायची गरज नाही, नावाची शेवटची चार-पाच अक्षरं बघितली तरी काम होतं. मला "कॉन्स्टंटाइन" लेबलच्या पाकिटात क्रिस्पस मिळाला, कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा, ज्याला बापानेच 326 मध्ये ठार करवलं. नाण्यावर मात्र छान तरणाबांड युवराज, नाव आणि पदवी पूर्ण वाचता येते. साडेसातशे रुपये.

छोट्या नाण्यांचा ट्रे हाच या दुकानाचा खरा माल आहे. बहुतेक सातशे-आठशेपासून दीड हजारापर्यंत, सगळी चौथ्या शतकाची, नखाएवढी किंवा थोडी मोठी. काही ठळक सांगतो म्हणजे जाऊन शोधता येतील.

दोन सैनिक समोरासमोर उभे, मध्ये सैन्याची निशाणं, ही मालिका 330 च्या सुमारास सुरू झाली, कडेला अक्षरं ग्लोरिया एक्सेरकितुस, सैन्याचा जयजयकार. आता गंमत बघा. सुरुवातीच्या नाण्यांवर मध्ये दोन निशाणं आहेत. साधारण 335 नंतर एकच. कारण नाणं हलकं आणि लहान केलं, चित्राला जागा उरली नाही. काकांकडे दोन्ही प्रकार आहेत, एकच भाव, दोन्ही घ्या आणि तळहातावर शेजारी ठेवा, महागाईवर वेगळं काही वाचायची गरज पडणार नाही.

दुसरं, पडलेला घोडेस्वार. हे 348 पासूनचं, मालिका फेल टेम्प रेपारातिओ, म्हणजे सुखाचे दिवस परत आले. चित्र काय? रोमन सैनिक भाला खुपसतोय, समोर टोकदार टोपीवाला परका स्वार घोड्याच्या मानेला मिठी मारून कोसळतोय, घोडा गुडघ्यावर आलाय, खाली ढाल पडलीये. सुखाचे दिवस! राजकारणात जात नाही. पण एवढ्याशा जागेत, अठरा-वीस मिलिमीटरमध्ये, ठसा कोरणाऱ्याने घोड्याच्या गुडघ्याचा वाक दाखवलाय, मी भिंगाखाली बघत बसलो तर काकांचा मुलगा म्हणाला चहा थंड झाला. हे नाणं त्या काळात प्रचंड पाडलं गेलं, त्यामुळे कधीही मिळेल, घाई करू नका, घोड्याचं तोंड आणि स्वाराचा हात दोन्ही दिसतील असंच घ्या.

तिसरं, लांडगीचं. पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे लांडगी आणि तिला पिणारी रोम्युलस-रेमस ही जुळी पोरं, वर दोन तारे. यावर सम्राटाचं नावच नाही, नुसतं शहराचं नाव. हे 330 च्या आसपासचं, कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी उभी केली तेव्हा जुन्या राजधानीची समजूत काढायला म्हणा, दोन्ही शहरांची नाणी एकदमच काढली. हे एक नाणं असं आहे की ज्याची मागची बाजू काकांनाही ठाऊक आहे, म्हणून अडीच हजार. माझ्या मते जास्त आहे, याची भरपूर नाणी उरली आहेत. जोडीचं कॉन्स्टँटिनोपलवालं, जहाजाच्या टोकावर उभी असलेली पंखवाली विजयादेवी, ते मात्र आठशेत, कारण लांडगी नाही!

आणि माझ्या दृष्टीने ट्रेमधलं सगळ्यात भारी नाणं. लेबल काय, तर "रथ". पंधरा मिलिमीटरचं, दीड-दोन ग्रॅम, काळपट हिरवं. पुढे डोक्यावरून वस्त्र घेतलेला माणूस. मागे चार घोड्यांचा रथ वर निघालाय, रथात तोच माणूस हात वर करून, आणि वरून आभाळातून एक हात खाली आलाय त्याला घ्यायला. हा कॉन्स्टंटाइनच आहे, 22 मे 337 ला गेला, त्यानंतर मुलांनी काढलेलं नाणं. पुढच्या बाजूला त्याला 'दिव्य' म्हटलंय, जी मेलेल्या सम्राटाला देव करायची जुनी रोमन रीत, आणि मागे जो हात आहे तो ख्रिश्चनांच्या देवाचा समजला जातो. म्हणजे मरताना बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला एकाच नाण्यावर दोन्ही स्वर्गांत जागा. चेहरा बोथट होता म्हणून सहाशेत मिळालं. हात दिसतोय, बोटं नाही, पण हात दिसतोय. असलं नाणं सहाशेत म्हणजे मी जिना उतरेपर्यंत हसतच होतो.

सूर्याचं राहिलंच. सोल म्हणजे रोमन सूर्यदेव, त्याची नाणी, किरणांचा मुकुट, उजवा हात वर, डाव्या हातात पृथ्वीचा गोळा, अपराजित सूर्य, सम्राटाचा सोबती असं लिहिलेलं. कॉन्स्टंटाइनने 312 ची मिल्वियन पुलाची लढाई जिंकल्यानंतरही, जिथे त्याला क्रूसाचं चिन्ह दिसलं म्हणतात, त्यानंतरही काही वर्षं नाण्यावर हा सूर्यच होता. काकांनी हे होळकरी ट्रेच्या बाजूलाच ठेवलंय आणि ते फार बरं केलंय असं मला वाटतं, त्यांनी मुद्दाम केलं नसेल, पण मल्हारनगर टाकसाळीच्या रुपयावरचा चेहरेवाला सूर्य आणि हा रोमन सूर्य एका नजरेत येतात.

आणि फरकही तिथेच दिसतो. आपल्या अहिल्याबाईंच्या रुपयावर स्वतःचा चेहरा नाही, नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं, आणि खूण म्हणून शिवलिंग आणि बेलाचं पान. सत्ता कोणाची हे माळव्यात सगळ्यांना माहिती, चेहरा छापायची गरज वाटली नाही. रोमन माणसाला मात्र सम्राट कधी दिसणार, तो असायचा कुठेतरी सीमेवर लढाईत, त्यामुळे नाण्यावरचाच चेहरा तो राजा. आपल्याकडे 1935 च्या अर्ध्या आण्यावर यशवंतराव दुसरे यांचा चेहरा आहे, तोही काकांकडे आहे, बऱ्याच इंदुरी घरांत देवघराच्या डब्यात पडलेला असतो, आधी घरी शोधा मग विकत घ्या.

लोक काकांना नेहमी विचारतात की ही नाणी उज्जैनला सापडली का. काका प्रामाणिकपणे नाही म्हणतात, परदेशातून पूर्वी आलेल्या जुन्या संग्रहांतून घेतलीत असं सांगतात, हे मला आवडलं, कारण "शिप्रेच्या पात्रात मिळालं" अशी कथा लावून दुप्पट भाव घेणारेही भेटतात. उज्जैनचा रोमन व्यापाराशी संबंध होताच, पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात ओझेने नावाने ते येतं, तिथून माल भडोचला जायचा आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी फायद्याने बदलून मिळायची. रोमन लेखक प्लिनी तर रडतोच की दर वर्षी 5 कोटी सेस्टर्शियस भारतात जातात. पण तो हिशेब झाला, प्रत्यक्षात इथे आलं ते सोनं-चांदी. छोटी ब्रॉन्झ नाणी सापडतात ती जास्त करून तमिळनाडूत, करूर-मदुराईकडे, आणि श्रीलंकेत, तीही उशिराची. त्यामुळे माळव्यात सापडलेला सेस्टर्शियस म्हणून कोणी काही दाखवलं तर हात जोडा आणि निघा.

आता तक्रारी.

एक, मोठ्या नाण्यांच्या ट्रेमध्ये अस्सल आणि नक्कल एकत्र. एक नीरोचा सेस्टर्शियस होता, भलामोठा, दिसायला झकास, आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात "कॉपी". अहो पुढे लिहा ना! नवीन माणूस फसेल. मी काठ बघितला, मध्यावर बारीक शिवण घासून काढल्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे टोचे, अक्षरं साबणाच्या वडीवरल्यासारखी गोलसर. साच्यात ओतलेलं नाणं असंच दिसतं. अस्सल नाणं हातोड्याने ठोकलेलं असतं, काठाला भेगा असतात, चित्र थोडं सरकलेलं असतं, धातू कडेकडे वाहिल्याच्या बारीक रेषा असतात. काट्यावर ठेवलं तर वजनही कमी, सेस्टर्शियस पंचवीस ग्रॅमच्या आसपास हवा. मोठं पितळी नाणं या दुकानातून मी तरी घेणार नाही.

दोन, पाकिटं. मऊ, वास येणारं प्लास्टिक वापरतात, पीव्हीसी, त्याने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. घरी आल्या आल्या काढा, कडक पारदर्शक पाकिटात किंवा कागदी लिफाफ्यात ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आपल्याकडे पावसाळ्यात हे लागतंच.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. हिरवं असणं वाईट नाही, घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर म्हणजे नाण्याचं चिलखत, तो शेकडो वर्षांत तयार होतो. पण फिकट, पोपटी, पिठासारखी भुकटी दिसली आणि ती टूथपिकने सुटून येते, खाली खड्डा दिसतो, तर तो ब्रॉन्झ डिसीज, क्षारामुळे होतो, दमट हवेत वाढत जातो. काकांच्या ट्रेमध्ये अशी दोन-तीन नाणी बाकीच्यांबरोबरच ठेवली होती, दाखवल्यावर त्यांनी बाजूला काढली पण "पुसून घे, जातं" म्हणाले. पुसून जात नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरेच दिवस भिजवून, पाणी बदलत राहून, नीट वाळवून मग लक्ष ठेवावं लागतं. काही नाण्यांवर काळं काहीतरी चोपडलंय, अक्षरं उठून दिसावीत म्हणून, कापडाला लागतं. आणि कृपा करून चिंच-लिंबू लावून चकचकीत करू नका, देवाची समई नाहीये ती, थर गेला की नाण्याची किंमतही गेली आणि अक्षरंही.

सर्व्हिस चांगली आहे. भिंग देतात, वजनकाटा देतात, खिडकीजवळची खुर्ची देतात, कितीही वेळ बसा कोणी घाई करत नाही. खालच्या रेघेखालची टाकसाळीची अक्षरं वाचत बसा, कुठलं ट्रियरचं, कुठलं अँटिओकचं, कुठलं सिसियाचं म्हणजे आजच्या क्रोएशियातलं. काका मधूनच विचारतात, "काय रे, वाचलंस का काही?" आणि सांगितलं की वहीत लिहून घेतात, पुढच्या वेळी लेबल बदललेलं असतं आणि भावही! त्यामुळे आधी पैसे द्या, मग ज्ञान द्या.

बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, पण मागा, नाण्याचं वर्णन लिहून घ्या. शंभर वर्षांवरची वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येते, आणि असली वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाला पाठवू वगैरे डोक्यात आणू नका. परत करायचं असेल तर आठवड्याच्या आत घेतात, तोंडी बोलीवर, माझं एक परत घेतलं, कटकट केली नाही.

छोट्या ब्रॉन्झसाठी पाचपैकी चार, मोठ्यांसाठी दीड. यूपीआय चालतं. राजवाड्यावर गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, कृष्णपुऱ्याकडे लावा आणि चालत या. दुपारी बारा ते तीन बेस्ट, उन्हाचा कवडसा तेव्हाच टेबलावर येतो, ट्यूबलाइटमध्ये अक्षरं दिसत नाहीत. पुढच्या महिन्यात व्हॅलेन्टिनियन-व्हॅलेन्स या सम्राट भावांचा लॉट येणार आहे म्हणाले, त्यात सम्राट कैद्याला केसांना धरून ओढतोय ते नाणं असतं, ते कोणी आधी उचलू नका, मी काकांना सांगून ठेवलंय.